अर्धं शटर

पत्र थोडक्यात असं: मराठवाड्यातल्या एका गावचा २७ वर्षांचा वाचक गेली साडेतीन वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी करतो आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं भरून राहतो, शास्त्री रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत बसतो. दोनदा पूर्व निघाली, एकदा मुख्य थोडक्यात हुकली. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून तो रोजचे तास मोजतो. लक्ष्य बारा तासांचं, होतात सहा-सात. दुपारी डोळा लागला किंवा टपरीवर चहाला अर्ध्याचा एक तास झाला, की उरलेला दिवस टोचणीत जातो. वडील कोरडवाहू शेतकरी, महिन्याला नऊ हजार पाठवतात. "त्यांच्या घामाचे पैसे मी झोपून उडवतोय असं वाटतं. मागच्या वर्षी अभ्यास बुडेल म्हणून पोळ्याला घरी गेलो नाही, आणि त्या दोन दिवसांत अभ्यासही झाला नाही. मी मुळातच आळशी आहे का? ही टोचणी जाईल असं काहीतरी सांगा, ताई." पत्रासोबत एका आठवड्याच्या तासांचा तक्ता जोडलेला आहे.

---

तू मला ताई म्हटलं आहेस. माझे केस पाहिले असतेस तर काकू म्हणाला असतास, पण असू दे, ताई ऐकायला बरं वाटतं.

तुझ्या पत्रापेक्षा तो तक्ता मी जास्त वेळा वाचला. सोमवार ११ तास ४० मिनिटं. मंगळवार ९ तास. बुधवार २ तास १० मिनिटं. गुरुवार शून्य, आणि त्या शून्याखाली लाल पेनाने दोन रेघा. शुक्रवार साडेसात, शनिवार ६ तास ४० मिनिटं, रविवार ५. तळाशी लिहिलंयस, "आठवडा वाया."

गुरुवारच्या शून्यापुढे कंसात, अगदी बारीक अक्षरात एक ओळ आहे: रूममेटला ताप भरला होता, रक्त तपासायला नेलं, रिपोर्टसाठी थांबलो, दिवस गेला.

दिवस गेला? कुठे गेला? आईवडील तीनशे किलोमीटरवर असलेल्या एका मुलाला त्या दिवशी कोणीतरी रिक्षात बसवलं, रांगेत त्याच्या जागी उभं राहिलं, संध्याकाळी मेसच्या डब्यातला भात मऊ करून त्याला भरवला असेल किंवा निदान समोर ठेवला असेल. तुझ्या ॲपमध्ये याला रकाना नाही, म्हणून तू शून्य लिहिलंस. उद्या तहसीलदार झालास तर आजारी, अडलेल्या, रांगेत ताटकळलेल्या माणसांसाठी धावपळ करणं हे कामच असेल आणि त्याचा पगारही मिळेल. आज त्यालाच तू शून्य म्हणतोस आणि वर लाल रेघा मारतोस.

आता बेरीज. तू केली नाहीस, मी केली. बेचाळीस तास. गुरुवार धरूनही दिवसाला सरासरी सहा. कारखाने अधिनियम, १९४८ तुला माझ्याहून चांगला माहीत असणार. त्यात कामगाराच्या आठवड्याची सर्वसाधारण मर्यादा ४८ तास होती, आणि त्यातही हाताचं काम, गप्पा, जेवणाची सुट्टी वेगळी. तू एका खुर्चीत बसून, छापील पानाशी झुंजत त्याच्या जवळपास जातोस आणि आठवडा वाया गेला म्हणतोस. हा हिशेब कोणत्याही मुकादमाने केला असता तर तू त्याच्याविरुद्ध मोर्चा काढला असतास.

आणखी एक. महाराष्ट्राच्या समाजसुधारकांवरचा तुझा हमखास प्रश्न: गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी कोणाच्या प्रयत्नांनी मिळाली? तू झोपेतही सांगशील, नारायण मेघाजी लोखंडे, १८९०. दोन गुण पक्के. पण ती सुट्टी मिळवायला सभा घ्याव्या लागल्या, अर्ज करावे लागले, वर्षानुवर्षं मालकांशी भांडावं लागलं. ज्यांना ती हवी होती त्यांच्यातल्या कोणालाही स्वतःला आळशी म्हणवून घ्यायची गरज वाटली नाही. तुझ्या तक्त्यात रविवारी पाच तास आहेत आणि पुढे "फक्त" असं लिहिलेलं आहे. लोखंडे तुला पाठ आहेत, पण त्यांनी मिळवलेला रविवार तू घेतलेला नाहीस.

आता मूळ मुद्द्याकडे येते. त्यासाठी जरा माझ्या लहानपणात जावं लागेल.

नारायण पेठेत माझ्या वडिलांचं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान होतं. दुपारी एक ते चार बंद. पुण्याबाहेरचे लोक यावरून आम्हाला आजही चिडवतात, तूही मित्रांबरोबर हसला असशील. आमच्या पाटीवर लिहिलं होतं, "दुकान १ ते ४ बंद राहील. शटर वाजवू नये." कारण नाही, क्षमस्व नाही. वडील घरी येत, जेवत, पंख्याखाली सतरंजी टाकत आणि झोपत. चार वाजता तोंड धुऊन, चहा पिऊन शटर वर. संध्याकाळी शाळकरी मुलांची झुंबड उडे तेव्हा हा माणूस एकदाही खेकसत नसे.

शेजारच्या दुकानदारकाकांचं वेगळं होतं. त्यांना बंद करायची लाज वाटे. गिऱ्हाईक आलं तर? लोक काय म्हणतील? म्हणून ते शटर अर्ध्यावर ओढत आणि आत स्टुलावर बसून राहत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे बंद आहे, तो पुढे जाई. आत काकांना वाटे आत्ता कोणी येईल, म्हणून पाठ टेकवता येत नसे. तीन तासांत ना विक्री ना झोप. चार वाजता वडील ताजे होऊन येत तेव्हा काका डोळे चोळत बसलेले असत, आणि पहिल्याच मुलावर ओरडत.

तुझं शटर दिवसभर अर्ध्यावर असतं. दुपारी डोळा लागतो तो टेबलावर डोकं टेकून, मान अवघडून, अपराध्यासारखा. कॉटवर जाऊन नीट झोपायची परवानगी तू स्वतःला देत नाहीस, कारण मग "झोपलो" हे कबूल करावं लागेल. टपरीवर अर्ध्या तासाचा तास होतो, कारण पहिली वीस मिनिटं "आता उठायला हवं" यातच जातात आणि चहा प्यायल्यासारखा वाटतच नाही. मागच्या वर्षीचा पोळा तर याचा कळसच. घरी गेला नाहीस आणि अभ्यासही केला नाहीस. दोन दिवस खोलीत पडून मोबाईल चाळला असशील, हे तू लिहिलेलं नाहीस, पण माझ्या घराखालच्या मजल्यावर बारा वर्षं कॉट बेसिसची मुलं राहत होती, मला ठाऊक आहे.

माझ्या मते टोचणीचं काम तुला अभ्यासाला बसवणं हे नाहीच. ती विश्रांतीचं भाडं म्हणून तू भरतोस. मनाला त्रास करून घेतला की निदान आपण निर्लज्ज तरी नाही, एवढा दिलासा मिळतो. पण भाडं भरूनही खोली ताब्यात येत नाही. थकवा जात नाही, आणि थकलेला माणूस पुन्हा पानावरून नुसती नजर फिरवतो. मग पुन्हा टोचणी.

हे भाडं तू कोणाला देतोस, हा खरा प्रश्न आहे. तू म्हणशील, वडिलांना. महिना नऊ हजारांनी साडेतीन वर्षांचे पावणेचार लाख, हा आकडा तुला कटऑफपेक्षा जास्त पाठ असणार. पण तुझ्याच पत्रात दुसऱ्या पानावर त्यांच्याबद्दल (तू वडिलांना दादा म्हणतोस) एक वाक्य आहे, जे तू सहज लिहून गेलास: "दादा फोनवर एवढंच विचारतात, जेवलास का." साडेतीन वर्षांत त्यांनी दुसरा प्रश्न विचारलेला नाही आणि तू त्या प्रश्नाचं भाषांतर करून ऐकतोस, "किती तास झाले?" त्यांना तुझ्या पोटाची काळजी आहे आणि तू त्यांना वसुलीवाला करून ठेवलंयस. त्यांच्यावर हा अन्याय आहे, असं मला वाटतं. पैशांची ओढाताण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण तू दुपारी जागा राहिल्याने पावसाचा खंड भरून निघत नाही आणि चाळीस मिनिटं झोपल्याने त्यांचं एक रुपयाचंही नुकसान होत नाही.

मग सगळीच टोचणी खोटी का? नाही, आणि तसं सांगून तुला खूश करणं सोपं होतं. माझी एक ढोबळ परीक्षा आहे. टोचणी लागली की तिला विचारायचं, "बरं, मग काय करू?" तिच्याकडे नेमकं उत्तर असेल, म्हणजे "अर्थशास्त्राची चाचणी तीन आठवडे टाळतोयस, उद्या सकाळी दे", तर ती कामाची आहे, तिचं ऐक. ती नुसतंच "तू नालायक, बाकीचे बघ कुठे पोचले" म्हणत असेल, तर तिला उत्तर द्यायला बसू नकोस.

बाकीच्यांचं म्हणशील, तर टपरीवर चौदा तास सांगणारे मी खूप ऐकले आहेत. अभ्यासिकेत सकाळी सहाला खुर्चीवर बॅग ठेवून जागा धरली जाते आणि बॅगेचा मालक नऊला येतो. बॅगेचे चौदा तास नक्की भरतात.

तासांऐवजी काय मोजावं याबद्दल मात्र बऱ्यापैकी खात्रीने बोलता येतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत अशी, की पुन्हा वाचताना अभ्यास छान चालल्यासारखा वाटतो आणि तास भराभर भरतात. आठवून लिहिताना अडखळायला होतं, दमायला होतं, आणि घड्याळात चाळीसच मिनिटं दिसतात. तुझं स्टॉपवॉच नेमकं चुकीच्या गोष्टीला शाबासकी देतंय. त्यात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आहे, म्हणजे पर्याय ओळखून भागणार नाही, कोऱ्या कागदावर स्वतःच्या वाक्यांत उतरवावं लागणार.

झोपेचंही तसंच. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. पाठ करून झोपल्यावर जेवढी आठवली, त्यापेक्षा तेवढाच वेळ जागं राहिल्यावर कमी आठवली. प्रयोग अगदी लहान, पण झोपेत आठवण पक्की होते हे नंतरच्या कित्येक अभ्यासांनी दाखवलं आहे. झोप हा अभ्यासातून चोरलेला वेळ आहे हे तुझं गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

तेव्हा असं करून बघ. निदान तीन आठवडे.

दुपारी दीड ते तीन दुकान बंद. पाटी लाव, अक्षरशः. टेबलावर चिठ्ठी ठेवून खोलीवर ये, कॉटवर झोप. झोप नाही आली तर पडून राहा. मोबाईल अभ्यासिकेच्या लॉकरमध्येच ठेव, कारण मोबाईल म्हणजेच अर्धं शटर. उठायला जुनं घड्याळ चालेल. रात्रीही वेळ ठरव, नऊ किंवा दहा, त्यानंतर बंद. बंद करण्याआधी उद्या सकाळी पहिलं काय उघडायचं ते एका ओळीत लिहून ठेव, म्हणजे रात्री डोक्यात ते घोळत राहणार नाही. रविवारी दुपारनंतर पुस्तक नाही. पर्वती चढ, तळजाईला जा, नाहीतर बाल्कनीत कपडे वाळत घालत बस.

स्टॉपवॉच काढून टाक असं मी म्हणणार नाही. ते काढलंस तर दोन दिवसांत पुन्हा टाकशील. फक्त उलटं वापर. बारा तास हे "निदान" होतं, त्याऐवजी आठ तास हे "जास्तीत जास्त" ठेव. आठ झाले की उठायचं, मन लागत असेल तरी. पहिल्या आठवड्यात तुला हे बारा तासांपेक्षा कठीण जाईल.

तक्त्यात तासांशेजारी आणखी दोन रकाने काढ. एकात, आज पुस्तक मिटून काय लिहिता आलं. रोज दोन उत्तरं पुरेत, त्याहून जास्त ठरवशील तर बुधवारपर्यंत मोडेल. दुसऱ्या रकान्यात, ज्याला तास नाहीत ते. रूममेटचा ताप, बहिणीचा ऑनलाइन फॉर्म भरून दिला, नव्या आलेल्या मुलाला मेस दाखवली. गुरुवारचं शून्य खोडून तिथे ही नोंद कर. खाडाखोड झाली तरी चालेल.

आणि एखादा दिवस खरंच वाया गेला तर? जाईल, सगळ्यांचा जातो. कॅनडात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा. पहिल्या परीक्षेआधी अभ्यासाची टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. एवढ्या लहान अभ्यासावर मी फार इमले बांधणार नाही, पण तुझ्या तक्त्यातलं सोमवार-बुधवारचं गणित त्याच्याशी जुळतं. सोमवारी स्वतःला पिळून काढलंस, बुधवारी दोन तासांवर आलास.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. कधी कधी टोचणीच्या आड दुसराच प्रश्न दडलेला असतो: मला हे अजून हवं आहे का? आयोगाची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे "अजून वेळ आहे" हे वाक्य दहा वर्षं म्हणता येतं. ती जशी सोय तसा सापळा. किती अटेम्प्ट द्यायचे हे तू ठरव, आकडा कागदावर लिही आणि दादांना सांग. दुसरा मार्ग कोणता हेही आत्ताच बघ. कुंपणावर बसलेल्या माणसाला ना या बाजूला झोप लागते ना त्या. तुझी एकदा मुख्य थोडक्यात गेली आहे, तेव्हा मला तू सोडावंस असं वाटत नाही. पण हा निर्णय माझा नाही, आणि "आता सोडलं तर पैसे बुडाले" या भीतीपोटी पुढचं वर्ष देऊ नकोस.

हे पत्र पेठेतलं असलं तरी अर्ध्या शटराची दुकानं सगळीकडे आहेत. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने मागे कळवलं होतं, की शनिवारी पुस्तक वाचताना ती शेजारी लॅपटॉप उघडा ठेवते, काम नसतानाही, "निदान उघडा आहे" म्हणून. तिलाही माझं हेच सांगणं, लॅपटॉप कपाटात आणि कपाटाला कडी. घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलेल्या बायकांनी तो शेवटचा रकाना तर जरूरच काढावा. त्यांचा तोच रकाना सगळ्यात लांब निघेल.

टोचणी अशी असेल की दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सकाळी उठूच नये असं वाटतं, किंवा जगण्याचाच कंटाळा येतो, तर हे सदर पुरेसं नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. अभ्यासिकेतल्या दोन-तीन मित्रांनाही हा क्रमांक देऊन ठेव, कोणाला कधी लागेल सांगता येत नाही.

आता पोळा. तुमच्याकडे बैलजोडी अजून आहे असं लिहिलंयस, म्हणजे आदल्या संध्याकाळी दादा बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळत असतील आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणत असतील. दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही. या वर्षी किती नांगरलंस असं त्या वेळी कोणी बैलाला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तू त्याच घरात वाढलास.

यंदा जा. पुस्तकं नेऊ नकोस, नेलीस तरी उघडणार नाहीस आणि परत येताना पिशवी जड लागेल. दादांनी "जेवलास का" विचारलं तर काय जेवलास ते सविस्तर सांग, आणि मग त्यांना विचार, तुम्ही दुपारचे टेकता का जरा. बीडकडच्या रात्रीच्या गाड्यांत सणाच्या आदल्या दिवशी उभं राहायलाही जागा नसते, तेव्हा तिकीट आधी काढ. रूममेटला यायचं आहे का तेही विचारून ठेव. तापातून उठलाय, घरचं जेवेल दोन दिवस.